खालून टाकलेला बॉल

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचा हात माझ्यापेक्षा भारी आहे हे घरात दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि मला.

बाबा कारखान्यात लेथवर होते. तरुणपणी बेसबॉल खेळलेले, त्यामुळे मी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होणार हे त्यांनी माझ्या जन्माआधीच ठरवून टाकलं होतं. मी सरावाला उभा राहिलो की ते मागे बसून माझा एकेक बॉल मोजायचे. सत्तर झाले की बस. मग टॉवेलात बर्फ गुंडाळून माझ्या खांद्याला धरायचे.

ताई सॉफ्टबॉल खेळायची. तीही पिचरच. आमच्या मैदानाला हिरवळ होती, कुंपण होतं. मुलींना गोदामामागची जागा, आधी खडी वेचायची आणि मग खेळायचं. ती दीडदोनशे बॉल टाकून यायची आणि भांडी घासायला लागायची. आईने एकदा विषय काढला, तर बाबा म्हणाले, "अगं, ती खालून टाकते. त्याने हाताला काय होतंय? मुलींचा खेळ तो."

मी सोळाचा असताना एका रविवारी सकाळी ताई म्हणाली, "बॅट घे आणि चल."

बेसबॉलचा पिचर साठ फुटांवरून टाकतो. ती त्रेचाळीस फुटांवर उभी राहिली. तिचा हात पूर्ण गोल फिरायचा, बॉल मांडीजवळून सुटायचा आणि मी बॅट हलवेपर्यंत मागच्या जाळीवर आदळलेला असायचा. तिने वीस बॉल टाकले. एक माझ्या बॅटला जेमतेम घासून गेला, बाकीचे नुसतेच गेले. तिने मला चिडवलं नाही. परत येताना एवढंच विचारलं, "बाबांना सांगशील?"

"सांगतो की."

आम्हाला बॅट घेऊन जाताना बाबांनी पाहिलं होतं, जेवताना त्यांनीच विषय काढला. "काय मग, कोण भारी ठरलं?"

घास माझ्या तोंडात नुसता फिरत राहिला. मी म्हणालो, "तिचा बॉल मोठा असतो ना, चांगला दिसतो."

बाबा खूश झाले. ताईने ताटावरची नजर वर केली नाही.

त्याच वर्षी तिच्या संघाची स्पर्धा होती, दोन दिवसांत पाच सामने. दुसरी पिचर तापाने झोपलेली, म्हणून सगळे सामने ताईच्याच गळ्यात पडले. पहिल्या संध्याकाळी ती मनगट धरून घरी आली.

"बाबा, हात फार दुखतोय. डॉक्टरांना दाखवू या का?"

"उद्या संपतंयच ना सगळं. आणि खालूनच तर टाकायचंय."

मी शेजारीच बसलो होतो. त्या वीस बॉलचं तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या सामन्यात, चौथ्या डावात, बॉल सुटताना तिचं कोपराखालचं हाड मोडलं. पेन्सिल मोडावी तसा आवाज बाहेर उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "हे आजचं नाही. हे हाड कित्येक महिने झिजत आलंय. रोज किती बॉल टाकायची ही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे आकडे आम्हाला दोघांनाही तोंडपाठ होते. तिचे कोणीच मोजले नव्हते.

बाहेरच्या बाकावर मी बाबांना त्या रविवारचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललास?" आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "मी तरी कुठे ऐकलं असतं."

हाड जुळलं, पण बोटांत जोर परत आला नाही. मलाही विसाव्या वर्षी संघातून काढलं. आता मी फरशीच्या दुकानात काम करतो. ताईने लॉन्ड्री टाकली. पावत्या ती डाव्या हाताने लिहिते.

आई गेल्यावर बाबा शेवटची चार वर्षं ताईकडेच राहिले. तिने त्यांना भरवलं, त्यांची दाढी केली. एके दुपारी त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसेच बसले. ओठ हलत होते. ताई म्हणाली, "बाबा, तुमची गोळी राहिलीय," आणि हात हळूच सोडवून घेतला. पुढच्या आठवड्यात ते गेले.

हे मला तिनेच सांगितलं, एका गिऱ्हाइकाच्या कोटाची घडी घालता घालता. मी पिशवी उघडून धरली. तिने कोट पिशवीत सरकवला आणि जेवून जाणार का म्हणून विचारलं.