लाईनमन बिरूची आई

पासष्टची लढाई संपल्यावर वर्षभराने माझी बदली सांगलीला झाली. तोफखान्याच्या पलटणीत मी सिग्नलचा हवालदार होतो. टेलिफोन, वायरलेस सेट आणि केबलचे ड्रम हाच माझा संसार. सांगलीत मात्र काम वेगळं मिळालं. विश्रामबागेतल्या कॉलेजच्या कॅडेट पोरांना कवायत शिकवायची. तोफांनी कान अर्धे बधिर झालेल्या माणसाला आता "उस्ताद, उद्या पेपर आहे, परेडला सुट्टी द्या" हे ऐकून घ्यायचं होतं. माझं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. घर जवळ आलं म्हणून बायको खूश होती. मी मनातून कंटाळलो होतो.

त्या वर्षी विश्रामबागेच्या मैदानाकडेला जिल्ह्याच्या वतीने एक दगडी स्तंभ उभा राहिला. लढाईत कामी आलेल्या जिल्ह्यातल्या जवानांची नावं त्यावर कोरली होती. मंत्री येऊन फुलं वाहणार, जवानांच्या घरच्यांना शाल आणि श्रीफळ देणार, असा कार्यक्रम ठरला. मानवंदनेची गार्ड आमच्या कॅडेटांची होती. मेजरसाहेबांनी मला बोलावलं.

"हवालदार, बारह लड़के चुनो. गलती नहीं चाहिए."

"जी साब."

सलामी शस्त्र पोरं पटकन शिकली. घोडं अडलं ते शोक शस्त्रावर. त्यात रायफल उलटी करून नळीचं तोंड बुटाच्या टोकावर ठेवायचं, दोन्ही तळवे दस्त्यावर ठेवायचे आणि मान खाली, हनुवटी छातीला. बिगुल वाजेपर्यंत तसंच उभं राहायचं. चौगुले नावाचा एक उंच पोरगा होता, तेल लावून चापून भांग पाडून यायचा. त्याची मान काही केल्या खाली राहत नसे. आपल्याला कोण कोण बघतंय, हे बघायला ती वर यायची.

"चौगुले, मुलगी बघायला आलायस का?" मी विचारायचो. बाकीची पोरं फिदीफिदी हसायची. महिनाभर मी त्यांच्या माना खाली घालण्यातच घालवला. शेवटी चौगुल्याचीही गेली.

त्या दगडावरच्या एका नावाकडे मी रोज बघत होतो. शिपाई बिरू सरगर, तालुका आटपाडी. तो माझा लाईनमन होता, टेलिफोनची केबल टाकणारा आणि तुटली की जोडणारा.

बिरू धनगराचा. पलटणीत आला तेव्हा त्याला बूट घालून चालता येत नव्हतं. बुटाची सवय झाली आणि मग त्याच्याबरोबर चालणं आम्हाला जमेना. पाठीवर केबलचा ड्रम घेऊन तो असा निघायचा की वाटावं, पुढे मेंढरं आहेत. लढाईवर निघताना त्याने आईने दिलेल्या भंडाऱ्याचं एक बोट माझ्या टेलिफोनला लावलं. मी बौद्ध. आमच्या घरातले देव छप्पन साली गेले. पण ते पिवळं बोट मी पुसलं नाही.

त्याला एक गोष्ट आतून खात होती. भरतीला आला त्या पहाटे कळपाची राखण त्याच्याकडे होती. घरी सांगितलं असतं तर सोडलं नसतं, म्हणून तो न सांगताच सांगलीच्या वाटेला लागला. राखण उघडी पडली आणि लांडग्याने कोकरं नेली. धनगरात हा लहान गुन्हा नाही. पंच बसले. बिरू हाताशी नव्हता, म्हणून त्याच्या विधवा आईला पंचांपुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं. हे त्याला भावकीतल्या कुणीतरी नंतर सांगितलं. माझ्याशी तो हे एकदाच बोलला, आणि बोलून झाल्यावर बराच वेळ केबलची गाठ सोडवत बसला.

लढाईनंतर सुट्टी मिळाली तेव्हा मी आटपाडीकडे गेलो होतो. आई भेटली नाही, मेंढरांमागे परमुलखात गेली होती. बिरूचा चुलता भेटला. मी बिरूच्या पलटणीतला, हे ऐकूनही त्याने मला बसा म्हटलं नाही.

"मेंढरं सोडून पळालेला गडी त्यो," चुलता म्हणाला. "तितंबी पळाला आसंल. सरकार काय, समद्यांचीच नावं लिवतंय."

माझं डोकं सणकलं. पण दुसऱ्याच्या दारात होतो. स्तंभाचा कार्यक्रम ठरल्यावर मी त्याच्याकडेच निरोप धाडला, की आईला पाठवा, मी बिरूबरोबर होतो. त्याने तो पोहोचवला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. आईचा उलट निरोप आला. "येती. शाल नगं. त्येनं जागा सोडली का न्हाई, एवढं कुणीतरी बघितल्याल्यानं सांगावं."

कार्यक्रमाच्या सकाळी घरच्या मंडळींच्या खुर्च्या भरल्या. बिरूच्या आईची रिकामी राहिली. मी दोनदा जाऊन बघून आलो. मग मंत्री आले, गार्ड लावली आणि माझं खुर्चीकडे बघणं संपलं. फुलं वाहून झाली. मी ऑर्डर दिली. "गार्ड, शोक शस्त्र."

बारा रायफली एका वेळी उलट्या झाल्या, बारा माना खाली गेल्या. माझीही गेली. सगळं मैदान उभं राहिलं. मंत्री, कलेक्टर, पोलीस, विश्रामबागेतल्या बंगल्यांतून आलेली मंडळी, सगळे मान खाली घालून स्तब्ध.

मला आधी तिचे पाय दिसले. जाड वहाणा, घोट्यापर्यंत धूळ. ते पाय माझ्या समोरून, न अडखळता, दगडाकडे गेले. तिला कुणी अडवलं नाही, कारण वर बघतच कुणी नव्हतं. बस चुकली होती आणि कुठूनतरी चालत येऊन ती नेमकी त्या शांततेत पोहोचली होती. आयुष्यात असा कार्यक्रम तिने पाहिला नव्हता. तिला दिसलं ते एवढंच, की लेकाच्या नावाच्या दगडापुढे सगळा जिल्हा मान खाली घालून उभा आहे. आणि मान खाली घालून कधी उभं राहतात, हे ती भोगून बसली होती.

पाय चौगुल्यासमोर थांबले. मी डोळे वर केले. खांद्यावर घोंगडं टाकलेली, उन्हाने रापलेली, काटक बाई. तिने हात पुढे केला आणि चौगुल्याची हनुवटी धरून वर उचलली.

"वर बघ," ती म्हणाली. "माज्या बिरूनं काय केलं त्ये सांग. समदी मान खाली घालून का हुबी हायसा?"

चौगुल्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याला हलायची परवानगी नव्हती आणि तो हलला नाही. तिने हात सोडला तशी त्याने, मी शिकवल्याप्रमाणे, हनुवटी पुन्हा छातीला लावली. तिचा चेहरा पडला. तिला उत्तर मिळालं होतं, आणि ते चुकीचं होतं.

गार्ड कमांडरने शांततेत बोलायचं नसतं. मी दोन पावलं पुढे गेलो आणि हळू आवाजात बोललो.

"आये, मी बिरूच्या संगं हुतो. निरोप माजाच. बिरूनं कायबी वंगाळ केलं न्हाई. ही लाज न्हवं. समदी त्येला नमस्कार करत्यात."

तिचे डोळे कोरडे होते.

"नमस्कार करत्यात तर त्वांडं वर करा की," ती म्हणाली. "मला कसं कळावं?"

बिगुल अजून वाजला नव्हता. बिगुलाआधी गार्ड हलवायची नाही, हे मीच महिनाभर त्या पोरांच्या डोक्यात भरलं होतं. मंत्री उभे होते, मेजरसाहेब उभे होते. माझ्या नोकरीत मी एकही ऑर्डर अवेळी दिली नव्हती. ती दिली.

"गार्ड, सलामी शस्त्र."

पोरं क्षणभरही बिचकली नाहीत. याचं मला आजही नवल वाटतं. बारा रायफली खाडकन वर आल्या, बारा हनुवट्या वर आल्या. एका ओळीत बारा तरुण चेहरे, सरळ समोर बघणारे. बिरूची आई पहिल्या पोरापासून निघाली आणि एकेकाच्या चेहऱ्यासमोर थांबत शेवटच्यापर्यंत गेली. घाई केली नाही. मोठमोठ्या साहेबांना मी गार्डची पाहणी करताना बघितलं आहे. तिच्यासारखी कुणी केलेली बघितली नाही. मैदानातले लोकही एकेक करून मान वर करून तिच्याकडे बघू लागले होते, आणि तरी कुठे चुळबूळ नव्हती. शेवटच्या पोरापाशी पोहोचून तिने एकदा मान डोलावली. गोंधळलेल्या बिगुलरने तेव्हा कुठे बिगुल तोंडाला लावला.

गार्ड सुटल्यावर मेजरसाहेब आले.

"हवालदार, बिगुल बजा नहीं था."

"जी साब. नहीं बजा था."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "ठीक है," म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्या विषयावर मला कुणी काही विचारलं नाही.

शाल घ्यायला तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली नाही. मांडवाच्या कडेला खाली बसली होती. मला म्हणाली, "आदी सांग." मी शेजारी बसलो आणि सांगितलं.

सप्टेंबर महिना, पंजाबची हद्द, चहूकडे उभा ऊस. आमच्याकडच्या पोरांना तो मुलूख घरच्यासारखा वाटायचा. आमचे कॅप्टनसाहेब पुढे, दुश्मनाच्या तोंडाशी बसून तोफांना निशाण सांगत होते. तोफा मागे. मी तोफांजवळ टेलिफोनवर. मधे उसातून गेलेली केबल, बिरूने टाकलेली. त्या दिवशी दुश्मनाचे रणगाडे उसातून आले. वायरलेसवर नुसती खरखर. केबलवर कॅप्टनसाहेबांचा आवाज येत होता, तोही अर्ध्या वाक्यात तुटला. पुढे आमची पायदळाची माणसं होती आणि आमच्या तोफा मुक्या झाल्या.

"बिरू, लाईन डेड."

"जातो, उस्ताद."

त्याने केबल मुठीत धरली आणि ती मुठीतून सरकवत उसात शिरला. गोळे पडत होते. थोड्या वेळाने त्याने बरोबरचा फोन तारेला लावला आणि त्याचा आवाज आला.

"उस्ताद, हितं तुटली व्हती. जोडली. फुडं आनी येक जागी तुटलीया."

"माघारी ये. दुसरा पाठवतो."

"दुसऱ्याला वाट गावायची न्हाई. मीच जातो."

मग बराच वेळ काही नाही. उसाच्या त्या भागातून धूर येत होता. मी हँडल फिरवत होतो, कान फोनला लावत होतो. आणि आवाज आला, धाप लागलेला.

"उस्ताद, जोडली. ऐकू येतंय का?"

त्याच्या मागोमाग त्याच तारेवर कॅप्टनसाहेब बोलू लागले. आमच्या सगळ्या तोफांनी एकदम तोंड उघडलं. रणगाडे पुढे सरकायचे थांबले, मग वळले. पुढची आमची माणसं वाचली.

बिरू परत आला नाही. आम्ही केबल धरूनच त्याच्यापर्यंत गेलो. गोळा जवळच पडला होता. तो जोडापाशीच होता. उघडा जोड दवाने बिघडतो म्हणून त्यावर टेप गुंडाळायची असते. बोलून झाल्यावर, निघून यायचं सोडून, त्याने ती गुंडाळली होती. अगदी शेवटच्या वेढ्यापर्यंत, परेडच्या दिवशी गुंडाळावी तशी.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ऐकू येतंय का म्हनला. तवा तू काय बोल्लास?"

"येतंय म्हनलो, आये. बेस येतंय."

"त्येला कळलं?"

"कळलं. 'बरं' म्हनला."

ती पदराचं टोक तोंडावर धरून बसली. रडली असेल, मी दुसरीकडे बघत होतो. मग घोंगडं झटकून उठली.

"आता आन ती शाल," ती म्हणाली. "आंगावर घिऊन बिरूच्या चुलत्याच्या दारावरनं जाती."

शाल मी स्वतः आणून दिली. ती तिने तिथेच, भर उन्हात पांघरली.

दगडावर त्याच्या नावापुढे नुसतं शिपाई लिहिलं आहे. बिरू सरगर लाईनमन होता. युद्धबंदी होऊन आम्ही ती केबल गुंडाळायला घेतली, त्या दिवसापर्यंत पलटणीचं सगळं बोलणं त्याच्या जोडातून गेलं, आणि तो जोड सुटला नाही.