परवानगी होती, प्रमाणपत्र नव्हतं

अन्याय झाला तो आमच्या सोसायटीच्या गेटाशी इस्त्री करणाऱ्या काकांवर. गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता. कोणी केला? सेक्रेटरींनी, फांद्या तोडणाऱ्याने आणि मी. माझा नंबर खरं तर पहिला.

जेसल पार्कातली आमची जुनी बिल्डिंग. गेटाजवळ करंज आणि करंजाखाली काकांचं टेबल. काका महाडकडचे. समोर कोळशाच्या इस्त्रीची धग असताना वरून ऊनही सोसायचं, हे कुणाला जमणार? तो करंज म्हणजेच त्यांच्या धंद्याचं छप्पर.

पावसाळ्याआधी फांद्या छाटायचं ठरलं, तेव्हा मी सेक्रेटरींच्या मागे हात धुऊन लागलो. ‘परवानगीशिवाय फांदी तोडू नका’ हे पत्रक मीच लिहिलेलं, दारोदार मीच वाटलेलं. त्यांनी कुरकुरत अर्ज केला. पालिकेची परवानगी आली, मी ती नोटीस बोर्डावर लावली आणि छाती काढून फिरलो.

मंगळवारी कोयता-करवत घेऊन आला तो नारळ उतरवणारा.

“हे काम कुठे शिकलात?” मी विचारलं.

“वीस वर्षं झाडावरच आहे, भाऊ.”

सेक्रेटरी म्हणाले, “अरे, परवानगी लावलीयस ना बोर्डावर? आता माणसाची पत्रिका पण बघायची का?”

मी हसलो. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. परवानगी फांद्यांसाठी होती. त्या कापणाऱ्या हाताबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं, आणि माझ्या पत्रकातही नव्हतं.

गाड्यांवर पानं पडतात ही सेक्रेटरींची तक्रार, म्हणून त्याने पार्किंगकडची बाजू पार बोडकी केली. सगळ्यात जाड फांदी तो नुसती वरून कापत गेला. ती अर्ध्यावर आपल्याच वजनाने मोडली आणि खोडाची हातभर साल सोलत खाली आली. त्याने जखमेवर गेरू फासला. झालं काम! आता उरलेला सगळा भार गेटाकडे, म्हणजे थेट काकांच्या डोक्यावर. लगेच कमिटीला धोका दिसायला लागला. काकांना टेबल हलवायला सांगितलं, आणि झाडच काढून टाकायचा अर्ज लिहायला घेतला.

काका पाण्याच्या टाकीमागे गेले. तिथे सावली नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसतही नाहीत. कपडे कमी व्हायला लागले. मी विचारपूस करायला गेलो तर इस्त्री न थांबवता म्हणाले, “लीडर, तुझ्या त्या कागदात मी कुठे होतो रे?”

मग मी झाडांचा जाणकार शोधायला निघालो. पहिल्याने फोनवर चकचकीत प्रमाणपत्र पाठवलं. नीट वाचलं तर ते लॉन आणि कुंड्यांच्या देखभालीचं निघालं. दुसरी वसईकडची एक ताई. तिने न मागता झाडं तपासण्या-छाटण्याच्या प्रमाणपत्राचा नंबर दिला, वर म्हणाली, “देणाऱ्या संस्थेला विचारून घ्या. माझ्या शब्दावर जाऊ नका.” मी विचारलं. खरं होतं, मुदतही संपलेली नव्हती.

ती हेल्मेट, दोर सगळं घेऊन आली आणि तासभर झाडावर चढलीच नाही. लाकडी हातोडीने खोडावर टकटक करत भोवती फिरत राहिली. टाकीमागून बघायला आलेल्या काकांना राहवेना.

“पोरी, चढणार कधी? मुहूर्त बघतेस काय?”

“आधी तपासते, काका. मग ऑपरेशन.”

“म्हणजे डॉक्टरीणबाई आल्या म्हणायच्या!”

“परीक्षा तरी तशीच घेतली माझी.”

सेक्रेटरी तिथेच होते. “मॅडम, सर्टिफिकेट म्हणजे शेवटी कागदच ना?”

“कागदच. पण मला कुणीतरी तपासलंय, काही वर्षांनी परत तपासणार आहेत. आणि मी चुकले तर तुम्हाला तक्रार करायला एक दार आहे. आधीच्या दादांची तक्रार कुठे केलीत?”



खोड आतून भक्कम आहे, झाड काढायची गरज नाही, असं तिने लेखी दिलं. नवी परवानगी काढून गेटाकडचा भार थोडा हलका केला. प्रत्येक जाड फांदीला आधी खालून काप, मग वरून. दोराने अलगद उतरवली. साल कुठेही सोलली नाही. दरवर्षी पावसाआधी तपासा, म्हणाली, आणि काकांना बसायला हरकत नाही. कमिटीने झाड काढायचा तो अर्ज गुपचूप फाडला.

त्याच आठवड्यात टेबल परत आलं. आता जखमेच्या कडेने नवी साल गोल वळून येतेय. काका सेक्रेटरींची कॉलर इतकी कडक करून देतात की बिचाऱ्यांना मान वळवता येत नाही. “मुद्दाम करतोय,” असं मला डोळा मारून सांगतात. मला चिडायची सवय आहे, पण सकाळी गेटाशी पाच मिनिटं उभा राहिलो की ती सवय मोडल्यासारखी वाटते.

तुमच्याकडेही छाटणी निघेल. कमिटीला आजच विचारा: झाडावर कोण चढणार, त्याने नेमकी कशाची परीक्षा दिलीय, प्रमाणपत्र चालू आहे का? संस्थेला फोन स्वतः करा. उत्तर मिळेपर्यंत त्याला एकाही फांदीला हात लावू देऊ नका.