दागिन्यापेक्षा जड पेटी

पेट्यांच्या कारखान्यात सगळ्यात जास्त काय साचत असेल, तर पुठ्ठ्याचं कात्रण! संध्याकाळी झाडून काढावं, तर दुसऱ्या दिवशी कटिंग मशीनखाली पुन्हा ढीग. किश्शांचंही तसंच. फरक एवढाच, की कात्रण रद्दीवाला घेऊन जातो. किस्से आपल्याच घरी येतात.

आमचा कारखाना जळगावात. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, कटिंग मशीन, एक लांब टेबल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसून खळ लावणाऱ्या बायका. घडी घालायची साधी खोकी आम्ही कधी केली नाहीत. आतून जाड पुठ्ठा, वरून रंगीत कागद, त्यात मखमल, अशी कडक पेटी हे आमचं काम. दागिना, भारी साडी, लग्नाचा आहेर, काहीही मानानं द्यायचं असलं की लोक आमच्याकडे येतात. म्हणजे, यायचे.

मालक नाना, मूळचे धरणगावकडचे. खळ लावणाऱ्यांत सगळ्यात जुन्या सुशीलाअक्का. त्यांनी मखमल बसवली की कोपऱ्यात सुरकुती शोधून सापडत नसे. आणि मी, गिऱ्हाइकाला सॅम्पल दाखवून पेटी निवडून देणारा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कारखान्याचा बहुतेक भार धुळ्याच्या एका सराफी दुकानाच्या ऑर्डरवर होता. ती ऑर्डर आहे तोवर टेबलाभोवती बायका आहेत, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बायकांना तर जास्तच.

*

पेटी पास करायची नानांची रीत एकच. चप्पल काढायची, पेटी फरशीवर ठेवायची आणि तिच्यावर उभं राहायचं! दबली नाही तर पास.

एकदा मुक्ताईनगरकडचे एक व्यापारी आले. केळीचे वेफर्स विकायचे. दिवाळीसाठी त्यांना ‘प्रीमियम गिफ्ट पॅक’ काढायचा होता. नाना पेटीवर उभे राहिले, तसे ते हरखून म्हणाले, “आता मी!” माणूस चांगला भरभक्कम. आम्ही डोळे मिटले. पेटी हूं की चूं नाही!

“हीच करा,” ते खाली उतरून म्हणाले. “फक्त आतला तळ चार बोटं वर घ्या.”

“तो का?” नानांनी विचारलं.

“वेफर्स थोडेच टाकायचेत हो. पण भरलेली दिसली पाहिजे ना!”

नाना माझ्याकडे बघत म्हणाले, “लिहून घे. पेटी उंच, माल बुटका.”

दिवाळी झाल्यावर व्यापाऱ्यांचा फोन आला. “नाना, लोकांना जाम आवडलं!”

“वेफर्स?”

“नाही हो, पेटी! एक जण म्हणाला, पुढच्या वर्षी रिकामी दिली तरी चालेल.”

*

देवपूरचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी पेट्या निवडायला आले. बारीक आवाजात बोलायचे. दर पेटी हातात घेऊन झाकण उघडायचे, आत बघायचे, परत बंद करायचे. शेवटी त्यांनी सगळ्यात मोठा साइझ आणि सगळ्यात लाल कागद निवडला.

सुशीलाअक्कांनी कामाचं म्हणून विचारलं, “दादा, आत काय ठेवणार? त्या मापानं खाचा पाडते.”

“खाचा नकोत,” ते म्हणाले. “रुखवतात मांडायच्यात फक्त. आत बघतो कोण, अक्का!”

अक्कांनी खाचा पाडल्या नाहीत. पेट्या मात्र मखमलीसकट पूर्ण केल्या.

लग्नानंतर ते पेढे घेऊन आले. म्हणाले, “नाना, मुलाच्या आत्यानं मांडवात एक पेटी उचललीच हो! माझं काळीज थांबलं. पण हातात घेऊन म्हणाली, बाई, वजन चांगलं आहे! आणि ठेवून दिली. तुमच्या पुठ्ठ्यानं लाज राखली.”

आम्ही पेढे खाल्ले. नानांनी मात्र आपला पेढा बराच वेळ हातातच धरला होता.

*

धुळ्याच्या दुकानात मोठ्या शेठचे गुडघे गेले आणि गादीवर धाकटे शेठ आले. पुण्याला शिकून आलेले. बोलायला अतिशय गोड. नाना त्यांच्या वडिलांचे दोस्त, म्हणून हे उठून नानांच्या पाया पडायचे. त्यांनी आम्हाला बोलावलं आणि काउंटरवर एक परगावची पेटी ठेवली. गुळगुळीत, चकचकीत, झाकणाला मॅग्नेट. उघडली की ‘टक्’ असा आवाज.

“लुक बघा नाना! तुमच्यापेक्षा स्वस्तही पडते.”

नानांनी चप्पल काढली, ती पेटी फरशीवर ठेवली आणि वर उभे राहिले. पेटी पापडासारखी मोडली! दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. नाना विजयी चेहऱ्यानं खाली उतरले.

धाकटे शेठ जराही रागावले नाहीत. वाकून तुकडे गोळा करत म्हणाले, “पण नाना, दागिन्याच्या पेटीवर उभं कोण राहतं?”

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीकडे तोंड करून बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. जळगावचा स्टँड आला तेव्हा मान डोलावत म्हणाले, “खरं शे त्यानं.”

*

तरी धाकट्या शेठनी एक संधी दिली. पेटी आहे तशीच, फक्त हलकी करून दाखवा. आम्ही पातळ पुठ्ठ्यात सॅम्पल बनवलं. दिसायला सुरेख झालं होतं.

नाना ते घेऊन आपल्या खुर्चीत बसले. दाबून बघितलं, वाकवून बघितलं. जेवायच्या सुट्टीत त्यांनी अक्कांना हळूच सांगितलं, “तळाला मखमलीखाली आपला जाडा टाक. कोणाला दिसतंय!”

अक्का म्हणाल्या, “नाना, त्यांनी हलकी मागितली आहे.”

“हलकीच आहे. फक्त तळ मोडायला नको.”

काम सराफाशी आहे, हे मात्र आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही. धुळ्याला धाकट्या शेठनी पेटी हातात घेतली, किंचित थांबले आणि सरळ सोन्याच्या काट्यावर ठेवली! मग ज्या मंगळसूत्रासाठी ती होती, ते शेजारी ठेवून म्हणाले, “बघा नाना. सोनं इतकं महागलंय की दागिने पिसासारखे झालेत. तुमची पेटी हातात घेतल्यावर गिऱ्हाइकाला आतला दागिना हलका वाटतो. मला पेटी हलकी पाहिजे, म्हणजे दागिना जड वाटेल.”

नानांनी पेटी उचलून पिशवीत टाकली.

ऑर्डर गेली.

*

बायकांना निरोप द्यायचा दिवस आला. नानांच्या मनात फार होतं, पण भाषण त्यांना जमेना. प्रत्येकीसाठी साडी आणली होती. दुकानदारानं दिलेल्या कॅरीबॅगसकटच त्यांनी एकेक साडी वाटायला सुरुवात केली. एकीला, दुसरीला, तिसरीला. बायका पाया पडत होत्या, डोळे पुसत होत्या.

सुशीलाअक्कांची पाळी आली. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, “बठ्ठा जलम पेट्यास्मा गया नाना, आन् साडी थैलीमा?”

सगळ्या बायका खळखळून हसल्या. त्या शेडमध्ये एवढं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. नानाही हसले. मग आत कागदांच्या गोदामात गेले आणि बायका गेटबाहेर पडेपर्यंत बाहेर आले नाहीत.

*

पुढे नाना आणि मी मिळून लग्नपत्रिकांची पाकिटं वगैरे करत होतो. अक्का केळीच्या पॅकिंगला जाऊ लागल्या. पहाटे टेम्पोत बसायचं, भुसावळच्या पुढं कुठंतरी उतरायचं आणि दिवसभर केळीच्या फण्या मशीनवर बनलेल्या खोक्यात भरायच्या.

एक दिवस शेडसमोर मोठी गाडी थांबली. धाकटे शेठ! हातात मिठाई. नानांच्या पाया पडले.

“बहिणीचं लग्न ठरलं, नाना. तिच्या दागिन्यांसाठी पेट्या हव्यात. आपल्या जुन्या, मजबूत. मखमल अक्कांच्या हातची.”

“दुकानात आहेत ना तुमच्या?” नाना म्हणाले. “मॅग्नेटच्या.”

“छे हो!” धाकटे शेठ हसत म्हणाले. “त्या गिऱ्हाइकांसाठी आहेत. हे घरचं काम आहे.”

नाना टेबलावरची पाकिटं मोजायला लागले. मीच म्हणालो, “अक्का आता केळीच्या कामाला जातात.”

“मग तिथली रजा घ्यायला सांगा की! चार दिवसांचा तर प्रश्न.”

मी अक्कांकडे गेलो. शेठ काय काय म्हणाले ते सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. शेवटची तव्यावर टाकून म्हणाल्या, “पोरगीनं लगीन शे. येस मी.”

आल्या. बोटं केळीच्या चिकानं काळी पडलेली, म्हणून आधी लिंबानं चोळून हात धुतले. मग मखमलीला हात लावला. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पुठ्ठा कापून द्यायला मी, आणि कागद पुसून द्यायला खुद्द नाना. चार दिवस काम चाललं. पेट्या अशा झाल्या, की मला त्या द्याव्याशा वाटेनात.

न्यायला धाकटे शेठ स्वतः आले. एकेक झाकण उघडून बघितलं. त्यांचे डोळे खरंच भरून आले. “अक्का, याला म्हणतात काम!” ते म्हणाले आणि खिशातून एक पेटी काढून त्यांच्या हातावर ठेवली. चकचकीत, मॅग्नेटची. “लक्ष्मीचं नाणं आहे, अक्का. चांदीचं. घरचं समजून घ्या.”

अक्कांनी झाकण उघडलं. ‘टक्’ आवाज झाला. नाणं काढून कपाळाला लावलं, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. मग झाकण नीट बंद केलं आणि रिकामी पेटी शेठच्या हातात परत दिली.

“हाई ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तुमना गिऱ्हाईकसले.”