साडेचारचं केळं

भर मीटिंगमध्ये साहेबांसमोर केळं सोलून खाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या इंदरगंजच्या विमा कचेरीतल्या हेडक्लार्क. सगळे त्यांना आत्या म्हणायचे. हिंदी बोलणारे आत्याजी. साडेचार वाजले की पर्समधून केळं निघायचं, त्यामागून मूठभर फुटाणे. एकदा साहेबांनी बोलणं थांबवून रोखून पाहिलं. आत्या म्हणाल्या, "आप बोलिए साहब. मुँह भरा है, कान खाली हैं." पुढच्या आठवड्यापासून साहेब साडेचारच्या आत मीटिंग संपवू लागले. व्यायामामुळे आमच्या कचेरीत झालेली ही एकमेव सुधारणा.

सहा वाजता आत्यांची जिम असे, जयेंद्रगंजात, बुटांच्या दुकानावर. व्यायामाच्या दीड तास आधी केळं, व्यायाम संपला की दोन उकडलेली अंडी आणि घरी आठच्या ठोक्याला जेवण. या वेळापत्रकापुढे लग्न-मुंज कुणाचंच चालायचं नाही. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा त्या जिममधून परस्पर आल्या. कथा अजून चौथ्या अध्यायात. आत्यांनी जिन्यात बसून डबा उघडला. आई कळवळली, "अहो, आज तरी अंडी नको!"

"म्हणून तर बाहेर बसले ना वहिनी. देव आत आहेत."

मग हात धुऊन नमस्कार केला, दोघांपुरता शिरा बांधून घेतला आणि पावणेआठला पसार झाल्या.

पुढे माझंही पोट टेबलाला टेकायला लागलं आणि मी त्याच जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी काही न खाता गेलो, डोळ्यांपुढे काजवे चमकले. आत्यांनी पाणी दिलं आणि वर झाडलं, "उपाशी आलास? अरे, ही जिम आहे, एकादशी नाही." मी भिंतीला टेकून बसलो आणि त्या शांतपणे वजन उचलत राहिल्या.

"साठ किलो उठाकर करोगी क्या, आत्याजी?" ट्रेनरनं विचारलं.

"घर में काम है."

आम्ही हसलो. बाईंना या वयात पदक हवंय, असं कचेरीनं एकमतानं ठरवून टाकलं. मी तर त्यांची नक्कलही करायचो, आणि ती छान जमायची.

एकदा त्या चष्मा जिममध्ये विसरल्या. तो द्यायला मी खासगी बाजार मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. त्यांचे यजमान आजारी असतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. ते पलंगावर होते; उजवं अंग पूर्ण लुळं. आत्या गुडघ्यांत वाकल्या, त्यांना दोन्ही हातांनी छातीशी धरलं, उचललं आणि जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत नीट बसवलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"सकाळी माणूस येतो, संध्याकाळी कुणी मिळत नाही. आणि यांना पलंगावर जेवायला आवडत नाही. पेशंट झाल्यासारखं वाटतं म्हणतात."

काका वाकड्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "हिला... मी... डंबेल वाटतो."

आठ वाजत होते. आत्यांनी तिसरं ताट घेतलं. त्यानंतर नक्कल मला जमेना.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. आत्या निवृत्त झाल्या आणि भोपाळला मुलीकडे राहायला निघाल्या. मी स्टेशनवर गेलो होतो. मोठी बॅग डब्यात चढवायला वाकलो, तर मागून आवाज आला, "पाठीनं नको उचलूस, गुडघे वाकव."

मी गुडघे वाकवले. बॅग चढली. आत्या दारात उभ्या राहिल्या.

"यांना पहिल्यांदा उचललं ना, तेव्हा मीही पाठीनंच उचललं होतं. दोघंही धाडकन खाली. मला उठता येईना, त्यांना तर येणारच नव्हतं. मी रडायला लागले, आणि हे फरशीवर पडल्या पडल्या हसत सुटले. इतके हसले की शेवटी मीही हसले."

गाडी हलली. आत्या अजून हसत होत्या, आणि डोळे पुसायला त्यांना पदर सापडत नव्हता.