बिनबैलाचा धोपा

अख्ख्या वऱ्हाडात कापूस न पेरणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या घरी जावई म्हणून राहत होता. सांगतो आहे ती कापसाच्या तेजीची वर्षं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे चांदूर बाजाराच्या शिवारात लोकांनी अंगणातली तुळस तेवढी सोडून जिथे तिथे सरकी टोबली होती. अकोल्याला आगगाडी अजून यायची होती, त्यामुळे सगळा कापूस बैलांच्या मानेवर. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, पण मानेवरचं जू काही उतरेना. अशा दिवसांत आमचे भाटवे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, विहिरीमागच्या उत्तम काळ्या जमिनीत धोपा लावून बसले होते. पुण्याकडचे लोक ज्याला अळू म्हणतात तोच हा धोपा. पहिल्या दिवाळसणाला आमच्याकडे आले ते गृहस्थ परत जायचंच विसरले. जावयाला ‘कधी निघता’ असं विचारायची बाबांची छाती झाली नाही, मग माझी काय होणार!

धोप्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते आक्काच्या व्रतापायी. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, हातानं खणलेल्या जमिनीतलं तेवढं खातात. आक्का हे फार कडक पाळायची. पूर्वी बांधावर, उकिरड्याच्या कडेला अशी चार पानं सहज मिळत. तेजीत लोकांनी बांधसुद्धा नांगरले, आणि एका पंचमीला सगळं गाव पालथं घालूनही बिनबैलाचं काही मिळालं नाही. आक्का दिवसभर नुसत्या पाण्यावर राहिली आणि संध्याकाळी घेरी येऊन चुलीपाशी पडली. भाटव्यांनी ते असं मनाला लावून घेतलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन ते विहिरीमागे हजर.

इथवर ठीक होतं. बायकोसाठी कुणी चार कंद लावले तर मी कशाला तोंड वाकडं करू? पण भाटव्यांना अर्धंमुर्धं काही जमतच नसे. मोटेचं पाणी बैल ओढतो, म्हणून ते बाद. हे घागरीनं शेंदून घालणार. खत गाईच्याच शेणाचं, म्हणून भल्या पहाटे गोठ्यात उभं राहून कुठलं शेण कुणाचं यावर गड्याशी हुज्जत घालणार. उन्हाळ्यात पानांवर ओली गोणपाटं, पावसाळ्यात एकेक पान ओल्या फडक्यानं पुसणं. न्हाणीचं पाणी धोप्यात सोडलेलं, त्यामुळे घरात येईल त्याला आंघोळ सक्तीची. अमरावतीहून एक दलाल आमच्या कापसाची बोली करायला आला होता. घरून आंघोळ करून निघालोय, असं बिचारा परोपरीनं सांगत होता. भाटव्यांनी त्याला हाताला धरून न्हाणीत नेलं. तो पुन्हा कधी आमच्या दारात आला नाही. पानं मात्र एवढाली झाली की खाली शेळी बसली तर दिसायची नाही.

माझं डोकं फिरलं. एका मृगात, भाटवे गावात गेलेले बघून, मी बैलांना बखर, म्हणजे वखर, जुंपून गड्याला विहिरीमागे पाठवलं. म्हटलं, तिथे एकदाची सरकी टोबून टाकू. पण बखर धोप्याच्या कडेला लागतो न लागतो तोच भाटवे कुठूनसे आले आणि चिखलात मांडी घालून बसले. जावयाच्या अंगावरून बखर कोण चालवणार? बैलांनी मात्र उभ्या उभ्या पानं चघळली आणि तोंडाला खाज सुटून दिवसभर जिभा फिरवत राहिले. बखर लागलेली ओळ भाटव्यांनी त्याच दिवशी उपटून आमच्या स्वयंपाकघरात दिली. राहिली बैलांनी खाल्लेली ओळ. ती व्रताला चालते का, हे विचारायला ते थेट भटजींकडे गेले. भटजींनी बराच वेळ डोळे मिटून घेतले आणि सांगितलं, “बैलानं खाल्लं, राबला नाही. चालते.”

मी एकदा वैतागून विचारलंच, की भाऊजी, व्रत बायकांचं, तुम्ही का त्यात जीव काढता? वर स्वतःही पंचमीला तसंच जेवता, गाव हसतं. ते पान पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “सालभर बैल आपल्यासाठी मरून राहिला. येक दिवस त्याच्याबिगर जगून पाहावं माणसानं.”

मग एका पंचमीला त्यांना मिठाची शंका आली. मीठ बैलांच्या पाठीवरून येतं, तेव्हा भाजी अळणी हवी. आक्कानं पळी खाली ठेवली. “तुमी लग्नाले बैलाच्या दमणीत बसूनच आले होते ना? मंग आज तुमच्याकडे बी पाहू नोको काय?” त्या दिवशी भाटव्यांनी मीठ घातलेली भाजी दोनदा मागून घेतली. पुढं साऱ्या गावच्या बायका पंचमीला आमच्याकडे पानं न्यायला यायला लागल्या, आणि भाटवे एखाद्या देवळाच्या पुजाऱ्यासारखे ती वाटत बसायचे.

लढाई संपली, तेजी बसली, शेंब्या मोडीत गेल्या. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात भाटवे तापानं गेले. चार दिवस आजारी होते, आणि त्यातही धोप्याला पाणी घातलं का, एवढंच विचारायचे. मी हो म्हणायचो. आणि खरंच घालत होतो, घागरीनं.

त्या भाद्रपदात पंचमीला मीच पानं कापून आक्काच्या पुढ्यात नेऊन ठेवली. तिनं एक पान उचललं, उजेडाकडे धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं.

“मोठं झालं,” ती म्हणाली. “पन पुसलं नाहीस तू.”

मग पदराचं टोक ओलं करून ती एकेक पान पुसायला लागली. मी समोरच बसलो. शेवटी तिनं पदराचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं.