सात म्हणजे संशय

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. मीटरवर विश्वास ठेवायचं बंद केलं की ते आपोआप साचतात. मी कारखान्यांतले पीएच मीटर तपासते. पाण्यात आम्ल किती, हे ते सांगतात. सात म्हणजे ठीक. मी ‘ओके’ची सही केली की पाणी नाल्यात सुटतं. रायपूरबाहेरच्या एका नाल्यावर ज्या म्हशी पाणी पितात, त्यांचंच दूध समता कॉलनीत आमच्या घरी येतं. आमचा पोट्टा दीड वर्षाचा आहे. म्हणून हे सगळे किस्से त्या नाल्यात पाणी सोडणाऱ्या एकाच कारखान्याचे.

*

पहिल्यांदा गेले तर मीटरवर ७.००. बराच वेळ बसले, तरी ७.००. मॅनेजर वानखेडे साहेब खुशीत होते. एवढं शांत तर आमचं पोरगं झोपेतही नसतं. मी सेन्सर पाण्यातून उचलून हवेत धरला. ७.००! टोकाची काच फुटलेली; असा सेन्सर कुठेही धरला तरी सातच दाखवतो.

वानखेडे साहेब हळहळले. “चांगला चालून राहिला होता, मॅडम. बाहेर काहून काढला?”

*

त्या संध्याकाळी घरी येऊन दुधात पीएचची पट्टी बुडवली. रंग ठीक निघाला, म्हणून दुसरी बुडवली. मग पट्ट्यांवरच संशय आला. सासूबाई दारातून बघत होत्या.

“दुधाची परीक्षा झाली असंल तर पोट्ट्याले देऊ का? तो रडून राहिला.”

*

नवा सेन्सर लागला. पुढच्या खेपेला ७.०१, पुन्हा ढिम्म. काच शाबूत होती, पण सेन्सर सोडायच्या पाण्यात नव्हताच. आम्ही मीटर जुळवायला सात पीएचचं जे द्रावण वापरतो, त्याच्या बाटलीत उभा होता. ऑपरेटर साहू भैयांना विचारलं तर म्हणाले, “दीदी, वो पानी में डालने से खराब हो जाता है.”

मी सही केली नाही. उलट, फार हुशार असल्यासारखं वानखेडे साहेबांना समजावलं की वाहत्या पाण्याचा आकडा थोडा तरी हलतो. त्यांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. तेव्हाच संशय यायला हवा होता.

*

परवा गेले. ७.२, ७.३, परत ७.२. चहा आला. मी सहीसाठी पेन काढलं आणि सवयीनं केबलकडे पाहिलं. ती पाण्याकडे जायच्या ऐवजी भिंतीकडे वळली होती. मी तिच्या मागे निघाले. केबल खिडकीतून साहेबांच्या केबिनमध्ये, कपाटावरून, थेट फिशटँकमध्ये. दोन सोनेरी मासे सेन्सरभोवती फिरत होते.

मी पेनाला टोपण लावलं.

मागून वानखेडे साहेब म्हणाले, “तुम्हीच तर म्हटलं होतं न मॅडम, हलला पाहिजे.”