एडक्याला फडकं

माझी आत्या जत तालुक्यातली. मेंढरांत वाढली, मेंढरांतच म्हातारी झाली. स्तनाचा कॅन्सर हाडापर्यंत गेल्याचं कळलं, तेव्हा ती उपचारासाठी सांगलीला, विश्रामबागेत माझ्याकडे राहायला आली. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे तिला रोग समजावण्याचा हक्क माझाच, असं मी धरून चालले होते.

नव्या गोळ्या मिळाल्या त्या दिवशी मी स्वयंपाकघरात वही उघडून पेशीचं चक्र काढलं. "आत्या, एका पेशीच्या दोन होण्याआधी तिच्यातली काही एन्झाइमं तिला पुढं ढकलतात. कॅन्सरच्या पेशीत ती थांबतच नाहीत. ही गोळी त्यांना अडवते."

आत्यानं वहीतल्या चक्रावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजी एडक्याला फडकं बांधायचं."

"काय?"

"आगं, कळपात नको तवा पिल्लं हुतील म्हणून एडक्याच्या पोटाखाली फडकं बांधत्यात. त्यो हिंडतोय, पर काम जमत न्हाई."

इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. थोडा रागच आला.

पुढच्या तपासणीला तिनं हे दवाखान्यातल्या बाकावर सगळ्यांना सांगितलं. शेजारी बसलेले एक निवृत्त मास्तर उठून पाणी प्यायला गेले, ते आत्याचा नंबर लागेपर्यंत पाणीच पीत होते.

गोळी एकवीस दिवस घ्यायची, मग सात दिवस बंद. हे काही आत्याला पटेना. "सात दिस फडकं सोडायचं? एडका काय सुट्टीवर जातोय व्हय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले. तिनं मान डोलावली, म्हणून मी निर्धास्त झाले. बंदच्या तिसऱ्या दिवशी ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात हात घालताना सापडली. पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची पट्टी तिनं पिठात लपवली होती आणि दोन गोळ्या खाऊनही झाल्या होत्या.

मी तिला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी फारच कमी. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"मावशी, तुमच्या कळपाला राखणीची कुत्री असतात ना? तशा या पांढऱ्या पेशी. याच गोळीनं त्याही वाढायच्या थांबतात. ते सात दिवस त्यांच्यासाठी आहेत."

"आवं, मग हे आदी सांगायचं न्हाई व्हय," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "ही कॉलेजात शिकवती. हिला बी म्हाईत न्हवतं."

मला माहीत होतं. वहीतलं पान संपलं म्हणून सांगायचं राहिलं होतं.

गोळ्यांची पुढची फेरी आठवडाभर लांबली. तोंडाला मास्क लावून ती गॅलरीत बसायची आणि बंदचे दिवस बोटांवर मोजायची. पुन्हा कधी तिनं पिठाच्या डब्यात काही लपवलं नाही.

काही महिन्यांनी स्कॅन झाला. गाठी बऱ्याच आटल्या होत्या. पूर्ण गेल्या नव्हत्या. "किती दिस खायच्या ह्या गोळ्या?" आत्यानं विचारलं.

"काम करतायत तोवर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्या पदर सावरत उठली. बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. ती जिन्यात थांबली, माझा हात धरला.

"रडतीस कशाला? मला लय भूक लागलीया."

तिला बाहेरचं खायला बंदी होती. घरी येऊन मी कढत पिठलं केलं, तिनं तीन भाकरी खाल्ल्या. मग चौथी अर्धी ताटात तशीच ठेवून तिथंच झोपली.